पुलाखालची घंटी: डाउन्स लिंकवरच्या एका घोडीचं प्रकरण

गेल्या ऑक्टोबरात एका रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास मी घोडीवरून पडले. पडण्याचं काही विशेष नाही, जो बसतो तो कधी ना कधी पडतोच. पण हेझल ही घोडी त्याआधी दोन वर्षांत मला घेऊन एकदाही बुजली नव्हती. ट्रॅक्टरला नाही, भुंकणाऱ्या कुत्र्याला नाही, वाऱ्यावर फडफडणाऱ्या प्लास्टिकलाही नाही. त्या दिवशी ती बुजली आणि त्यानंतर त्या जागी जायलाच तयार होईना. असं का झालं, आम्ही काय काय करून पाहिलं, त्यातलं काय लागू पडलं आणि काय नाही, ते इथे सविस्तर लिहिते आहे. आपल्याकडच्या घोडेस्वारांना यातला सायकलींचा भाग परका वाटेल, घोड्याचा भाग वाटणार नाही.

घडलं ते एवढंच. दक्षिण इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यात वेस्ट ग्रिनस्टेड नावाचं गाव आहे. तिथून थोडं दक्षिणेला जुन्या रेल्वेच्या वाटेवर विटांच्या एका कमानी पुलाखालून आम्ही जात होतो. ऊन तिरपं होतं, पुलाखाली अंधार आणि पलीकडे लखलखीत उजेड. मागून तीन सायकली आल्या. पहिल्या सायकलवाल्याने शिष्टाचाराप्रमाणे घंटी वाजवली, पण वाजवली ती नेमकी पुलाखाली शिरताना. विटांच्या कमानीखाली ती घंटी चारही बाजूंनी वाजली. हेझल आधी जागच्या जागी दबली, मग डावीकडे उसळली आणि अर्धी गिरकी घेऊन घराच्या दिशेने सुटली. माझा उजवा पाय रिकिबीतून निसटला आणि मी ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळीत. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं, बरगडी मात्र तीन आठवडे बोलत होती. पुढे अर्ध्या मैलावर कुत्रा फिरवायला निघालेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याने घोडीला धरलं. सायकलवाला बिचारा पांढराफटक पडला होता. "मी घंटी वाजवली होती हो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. आणि ते खरंच होतं.

ही वाट कुठून आली

डाउन्स लिंक ही वाट ३७ मैलांची, म्हणजे साधारण ५९ किलोमीटर लांब आहे. उत्तरेला गिल्डफर्डजवळच्या सेंट मार्था टेकडीपासून निघते आणि दक्षिणेला समुद्रकाठच्या शोरमला संपते. नॉर्थ डाउन्स आणि साउथ डाउन्स या खडूच्या दोन डोंगररांगांना जोडते म्हणून 'लिंक'. ९ जुलै १९८४ रोजी ती सुरू झाली. तिचा बहुतेक भाग दोन बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरून जातो. गिल्डफर्ड ते हॉर्शम हा मार्ग १८६५ मध्ये सुरू होऊन जून १९६५ मध्ये बंद झाला. हॉर्शमकडून स्टेनिंगवरून शोरमला जाणारा मार्ग १८६१ चा, तो मार्च १९६६ मध्ये संपला. १९६३ मध्ये ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष डॉ. बीचिंग यांचा अहवाल आला. ब्रिटनमधली दोन हजारांहून अधिक स्टेशनं आणि सुमारे ५,००० मैलांचे मार्ग बंद करा, असं त्यात सुचवलं होतं. त्यानंतरच्या काही वर्षांत असे मार्ग एकामागून एक गेले.

याच टापूत, रेल्वेच्या आधी, वे अँड अरुन कालवा होता. तो १८१६ मध्ये खुला झाला. त्यातल्या होड्या काठावरून चालणारे घोडे ओढत. रेल्वे आली आणि कालव्याचा धंदा बसला, १८७१ मध्ये तो कायमचा सोडून दिला गेला. पुढे मोटारींनी रेल्वेला तेच केलं. मग रेल्वेच्या वाटेवर घोडे परत आले, फक्त आता ओझं ओढायला नाही, आमच्यासारख्या हौशी लोकांना पाठीवर घेऊन.

रूळ उखडले की वाट आपोआप सगळ्यांना मोकळी होते, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं काही नाही. रेल्वेची जमीन ही खाजगी जमीन. तिच्यावरून चालण्याचा कुणाचाही पिढीजात हक्क नसतो. रेल्वे गेल्यावर तुकडे विकले जातात, कुठे घरं उठतात, कुठे पूल काढून नेतात. स्टेनिंग आणि ब्रॅम्बरपाशी रेल्वेच्या जागी बाह्यवळण रस्ता झाला, म्हणून तिथे डाउन्स लिंकला वळसा घालावा लागतो. क्रॅनलीच्या स्टेशनच्या जागी दुकानं आहेत. ख्राइस्ट्स हॉस्पिटल नावाच्या स्टेशनपाशी दुसऱ्या मार्गाच्या गाड्या अजून धावतात, तिथेही वाट बाजूने जाते. एकसंध दिसणारी ही वाट मुळात ठिगळं जोडून शिवलेली गोधडी आहे.

तिचा बहुतांश भाग कायद्याने 'ब्राइडलवे' आहे. माझ्या आत्याला फोनवर हा शब्द सांगितला, तर ती म्हणाली, "नवरीची वेगळी वाट असते का गं तिकडे?" ब्राइडल मेकअपमुळे तिचा तो समज झाला. या ब्राइडलचा नवरीशी संबंध नाही, घोड्याच्या तोंडावरच्या लगाम-मोहरकीच्या साजाला इंग्रजीत तसं म्हणतात. ब्राइडलवेवर पायी जाण्याचा, घोड्यावरून जाण्याचा आणि घोडा हातात धरून नेण्याचा हक्क सगळ्यांना असतो. घोडागाडीला नसतो. सायकलींना पूर्वी नव्हता, तो १९६८ च्या कंट्रीसाइड कायद्याने दिला. त्याच कायद्यात अट आहे की सायकलवाल्याने पादचाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यावी. म्हणजे कागदावर बघितलं तर या वाटेवर मानाचं पान घोड्याचं.

तीन निष्कर्ष, तिन्ही अपुरे

हेझल माझ्या मालकीची नाही. इकडे घोडा 'शेअर' करण्याची पद्धत आहे. मालकाला ठरलेली रक्कम द्यायची, आठवड्यातले काही दिवस घोडा आपला. खरारा, लीद काढणं, चारापाणी, सगळं त्या दिवशी आपल्याकडे. मी तिची तीन दिवसांची वाटेकरीण. घोडी बारा वर्षांची, पंधरा हात उंच (हात म्हणजे इथे चार इंच, म्हणजे जेमतेम पाच फूट), अंगाने भरलेली, काळ्या आयाळीची तपकिरी, जुन्या मराठीत जिला कुमाईत म्हणतील तशी.

पहिला निष्कर्ष माझ्या नवऱ्याचा. चूक सायकलवाल्याची. पण त्याने घंटी वाजवली होती आणि वेगही फार नव्हता. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीतही घोड्याजवळून जाताना वेग कमी करा, आवाज देऊन किंवा घंटी वाजवून कळवा, असंच सांगितलं आहे. त्याने ते केलं होतं. त्याला दोष देऊन माझी बरगडी थांबली असती, घोडी पुलाखालून गेली नसती.

दुसरा निष्कर्ष तबेल्यातल्या एका अनुभवी बाईंचा. घोडी बिघडली, तिला दोन चाबूक हवेत. हे औषध जगभर स्वस्तात मिळतं. तबेल्याच्या मालकीणबाईंनी ते तिथल्या तिथे मोडून काढलं. जी घोडी दहा वर्षं शहाणी असते ती एका सकाळी बदमाश होत नाही, आधी दुखतंय का ते बघा, असं त्यांचं म्हणणं. मग पशुवैद्याने डोळे तपासले, दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला. खोगीर बसवणाऱ्याने खोगीर पाहिलं. सगळं ठीक निघालं. अशा प्रकरणात ही तपासणी सगळ्यात आधी व्हायला हवी. दुखणाऱ्या पाठीवर कितीही सराव केला तरी तो वाया जातो.

तिसरा निष्कर्ष माझा स्वतःचा होता, की माझी बैठक कच्ची. बैठक कच्ची आहेच. पण त्याने मी का पडले ते कळतं, ती का बुजली ते कळत नाही.

घोडं कुठं पेंड खात होतं

खरं उत्तर मला नेरळहून मिळालं. माझे एक लांबचे मामा माथेरानला तीस वर्षं घोडा चालवत होते. दस्तुरी नाक्यावरून पाहुणे बसवायचे आणि बाजारात आणून सोडायचे. व्हिडिओ कॉलवर त्यांना पुलाचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, फोटो मोठा करायला लावला आणि विचारलं, "अगं, हिला बाजूला सरायला जागा कुठाय?"

"नाहीये मामा. दोन्हीकडे भिंत."

"आणि सायकल कुठून आली?"

"मागून."

"मग झालं की. घोडं मागचं बघत नाही, ऐकतं. आणि इथं ऐकायला आलं ते सगळीकडून. आता ते पळणार कुठं? उजेडाकडं नाहीतर घराकडं."

मी हे सगळं पुस्तकात वाचलं होतं, पण त्या पुलाखाली लावून पाहिलं नव्हतं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. मान न वळवता त्याला जवळजवळ सगळा गोल दिसतो, फक्त शेपटीच्या बरोब्बर मागचा पट्टा आणि कपाळाच्या अगदी पुढचा थोडा भाग दिसत नाही. मागच्या त्या आंधळ्या पट्ट्याची राखण कान करतात. कान फिरवून आवाज कुठून येतोय ते ठरवायचं आणि दिशा कळली की तिच्या विरुद्ध पळायचं, यावर घोड्याच्या जातीने लाखो वर्षं काढली. कमानीखाली आवाजाची दिशाच पुसली जाते. त्यात उजेडातून अंधारात आल्यावर घोड्याच्या डोळ्यांना सरावायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. हेझल त्या क्षणी मागचं बघू शकत नव्हती, पुढचं तिला धड दिसत नव्हतं आणि कानांवर भरवसा राहिला नव्हता.

पण एवढ्यावर थांबले असते तर निष्कर्ष निघाला असता, 'पूल वाईट'. या भागात साध्या ब्राइडलवेवरही पूल आहेत, बोळ आहेत, दाट झाडीतले खोलगट रस्ते आहेत. तिथे ती कधी बुजली नव्हती. मग इथेच का?

इथे रेल्वे बांधणाऱ्यांचा विचार करावा लागतो. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरतं तेव्हा घर्षण फार कमी असतं. म्हणून तर थोड्या ताकदीत शेकडो टन ओढता येतात, आणि म्हणूनच चढ आला की गाडीची दमछाक होते, उतारावर ती आवरत नाही. याच मार्गावरच्या रजविक स्टेशनची गोष्ट बघा. १८६५ मध्ये मार्ग तयार झाला, तपासणीला कर्नल योलंड आले आणि त्यांनी रजविक स्टेशन उघडायला साफ नकार दिला. कारण काय, तर स्टेशन ८० फुटांना एक फूट चढावर होतं. उभी गाडी घरंगळेल ही भीती. मग जवळचा भराव सुमारे दहा फूट उंच करून चढ १३० ला एक इतका सौम्य केला. पण अरुन नदीवर विटांच्या कमानीचा पूल आधीच बांधून झाला होता! तो खाली तसाच ठेवून त्याच्या डोक्यावर लोखंडी तुळयांचा दुसरा पूल टाकला. हा दुमजली पूल आजही उभा आहे आणि डाउन्स लिंकच्या खुणेच्या पाट्यांवर त्याचंच चित्र असतं.

८० ला एक हा चढ माणसाला चालताना जाणवतसुद्धा नाही. घोड्याला तर दहाला एक चढही किरकोळ. आपली नेरळ-माथेरानची १९०७ ची गाडी दोन फुटी रुळांवर वीसला एक चढ चढते, पण ती बिचारी डुलत डुलत जाते, आणि तिच्या बाजूने घोडे निवांत चालतात. म्हणजे इंजिनासाठी लाखो विटा आणि अख्ख्या टेकड्या हलवून जो सपाटपणा विकत घेतला, त्याचा घोड्याला काडीचा उपयोग नाही. उपयोग आहे तो सायकलला. सायकलवाल्याला सपाट, सरळ, मोटारी नसलेली, फाटकं नसलेली वाट म्हणजे स्वर्गच. ही वाट राष्ट्रीय सायकल मार्ग क्रमांक २२३ चाही भाग आहे. साध्या ब्राइडलवेवर चिखल, चढ, फाटकं आणि झाडांची मुळं सायकलला आपोआप हळू करतात. रेल्वेच्या वाटेवर तिला हळू करणारं काहीच नाही. आणि घोड्याला बाजूला सरायला एरवी असतं ते शेताचं मोकळं कडंही नाही, कारण रेल्वे एकतर डोंगर कापून जाते नाहीतर भरावावर चढून. आमच्या पट्ट्यात तर झाडोऱ्याने मूळ रुंदीतली बरीच गिळली आहे.

कायद्याने ही घोड्याची वाट आहे, अंगलोटाने सायकलची. हेझलचं घोडं इथे पेंड खात होतं.

बेनर्ड्सची टेकडी

हे नुसतं तर्काने पटवून घेण्यापेक्षा तपासून पाहावं म्हणून एका शनिवारी मालकीणबाईंनी हेझलला घोड्यांच्या गाडीत घातलं आणि आम्ही उत्तरेला सरे परगण्याच्या हद्दीवर बेनर्ड्सला गेलो. इथे रेल्वेचा ३८१ यार्डांचा बोगदा होता. तो बुजवून टाकला आहे, त्यामुळे डाउन्स लिंक तेवढ्यापुरती रेल्वे सोडून टेकडीवरून जाते. चांगला चढ आहे, मातीची वाट, झाडांची मुळं. दोन तासांत आमच्याजवळून चौदा सायकली गेल्या (मी मोजल्या, दुसरं काम नव्हतं). चढावर येणारे धापा टाकत होते, दोघे तर सायकल ढकलत होते. उतरणाऱ्यांना मुळांमुळे ब्रेक दाबावेच लागत होते. हेझल एकदाही बुजली नाही. एकदा कान मागे, एकदा मान वर, बस्स. टेकडी उतरून पुन्हा रेल्वेच्या सरळ पट्ट्यावर आलो तशी पहिल्याच सायकलला ती दबली.

चौदा सायकलींवरून शास्त्र सिद्ध होत नाही हे मला मान्य आहे. पण आमच्या घोडीपुरतं उत्तर मिळालं. सायकलीची भीती नव्हती, भीती होती ती न दिसता, वेगाने, मागून, अरुंद जागेत येणाऱ्या सायकलीची. यातली एखादी गोष्ट काढून घेतली तरी काम होण्यासारखं होतं.

काय केलं

पहिले दोन आठवडे पुलाकडे फिरकलोच नाही. बरगडीमुळे मला तशीही सक्तीची रजा होती. तबेल्याच्या अंगणात हेझलला दोरावर धरून सायकल नुसती कुंपणाला टेकवून ठेवली. तिने हुंगली, चाटली, सीटची शिलाई उसवली. मग मालकीणबाईंच्या मुलाने सायकल हातात धरून चालवली, आणि तीही हेझलच्या पुढे. हे महत्त्वाचं. भीतीची वस्तू मागून आणण्याआधी ती पुढे पळू द्यायची आणि घोड्याला तिचा पाठलाग करू द्यायचा. आपण हिला पळवून लावतोय, असं घोड्याला वाटू लागतं. तिसऱ्या दिवसापासून हेझल अंगणभर सायकलमागे दुडक्या चालीने जाऊ लागली. त्यानंतर सायकल शेजारून, आणि अगदी शेवटी मागून, तीही बोलत बोलत.

घंटीचा उपाय माझा. घंटी वाजली की लगेच गाजराचा तुकडा. पुन्हा घंटी, पुन्हा गाजर. सुरुवातीला दबक्या आवाजात, मग पूर्ण. दिवसाला दहा वेळा. मालकीणबाईंनी कपाळावर आठी घातली होती, पुढे काय होईल ते त्यांना बहुधा दिसत होतं. मी ऐकलं नाही.

चौथ्या आठवड्यात पुलाकडे गेलो. मी खाली उतरून, घोडी हातात, आणि पुढे तबेल्यातला एक म्हातारा शांत घोडा. कमानीच्या तोंडाशी दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं, तिच्या डोळ्यांना अंधार सरावू द्यायचा. मग आत. मग परत. घोडेस्वार बसलेला असो वा नसो, रेल्वेच्या पुलांची उंची इथे कामाला येते. इंजिन जाईल एवढी उंच कमान असल्याने मान वाकवावी लागत नाही. बोळवजा जुन्या पुलांखाली ही चैन नसते.

घोडीवर बसल्यावर नवी सवय लावून घेतली ती मला. मागून चाहूल लागली की घोडीला तिरकं उभं करायचं, म्हणजे एका डोळ्याला मागचं दिसेल. जागा असेल तर पूर्ण वळवून तोंड सायकलीकडे. आणि पुलाच्या आधी थांबून मागे वळून बघायचं. कुणी येत असेल तर आधी त्यांना जाऊ द्यायचं. काही स्वारांना यात कमीपणा वाटतो. हक्क आमचा, आम्ही का थांबायचं? मला काटेरी जाळीत बसून हक्काचा विचार करायला भरपूर वेळ मिळाला होता, त्यामुळे माझा अभिमान तेवढा ताठ राहिलेला नाही.

सायकलवाल्यांशीही बोललो. मला पाडणारा तो गृहस्थ स्वतःहून तबेल्यात आला होता, गाजरांची पिशवी घेऊन. त्याच्यामार्फत त्याच्या रविवारच्या मंडळींपर्यंत निरोप गेला. घोडा दिसला की लांबूनच माणसासारखं 'हॅलो' म्हणा, उत्तर आल्यावर पुढे या, पुलाखाली घंटी नको. इकडच्या घोडेस्वारांच्या आणि सायकलवाल्यांच्या राष्ट्रीय संस्था मिळून हाच सल्ला देतात. माणसाचा आवाज घोड्याच्या ओळखीचा असतो, घंटीचा नसतो. शिवाय बोलणाऱ्याला घोडेस्वाराचं उत्तर ऐकू येतं. मी उत्साहाच्या भरात याच मजकुराची पाटी प्लास्टिकमध्ये घालून पुलाजवळच्या खांबाला बांधली. चार दिवसांत ती काढलेली दिसली. परवानगी न घेता पाटी लावायची नसते. अर्ज कुठे करायचा ते शोधलं, केला, उत्तराची वाट बघते आहे.

पृष्ठभागाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्याकडे काही घोडेस्वारांची तक्रार असते की वाट सुधारायची म्हणजे बारीक खडी दाबून कडक करायची, म्हणजे ती सायकलींसाठी सुधारते. सायकली आणखी जोरात जातात, घोड्याच्या पायाला मऊ जमीन मिळत नाही. दुसरी बाजूही खरी आहे. ही चिकण मातीची जमीन आहे, कडक केली नाही तर हिवाळ्यात खुराएवढा खड्डा आणि त्यात पाणी. मामांना हे सांगितलं तर त्यांना माथेरानच आठवलं. तिथे मातीच्या रस्त्यांवर क्ले पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा घोड्यांचे खूर त्यावर घसरतात म्हणून घोडेवाल्यांनी विरोध केला आणि ई-रिक्षांबरोबर तो वादही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. "रस्ता कुणासाठी चांगला, ते रस्त्याला विचारून कळत नाही," असं ते म्हणाले. त्यांचं घोडेवाल्यांकडे झुकणं साहजिक आहे. मी कडेला चार फुटांची गवताची पट्टी राखली तरी खूश होईन. ती जिथे आहे तिथे हेझल आपणहून तिच्यावर जाते.

आजची स्थिती

अकरा आठवडे झाले. हेझल पुलाखालून जाते. कान मागे वळलेले असतात, चाल किंचित आखडते, पण जाते. सातव्या आठवड्यात एकदा माघार झाली. बॅटरीवरची सायकल चढ-उताराची पर्वा न करता आणि आवाज न करता अगदी शेपटीजवळ आली. त्यावर चालवणारे आजोबा कानात गाणी लावून बसले होते. त्यानंतर पुन्हा दोन आठवडे अंगणात. रविवारी दुपारी, ऊन पडलं असेल तर आम्ही त्या पट्ट्यावर आजही जात नाही. साउथवॉटरच्या बाजूने शेतातल्या साध्या ब्राइडलवेने जातो, जिथे चिखल असतो आणि सायकली नसतात. कुणाला हे अपयश वाटेल, तर वाटो. कायमचा बरा झालेला घोडा मी अजून पाहिला नाही.

राहता राहिला घंटीचा उपाय. तो कल्पनेपलीकडे यशस्वी झाला आहे. आता मागून घंटी वाजली की हेझल बुजत नाही. ती जागच्या जागी वाटेच्या मधोमध थांबते, मान पूर्ण वळवते आणि माझ्या कोटाच्या उजव्या खिशाला नाक लावून उभी राहते. गाजर मिळेपर्यंत हलत नाही. मागे सायकलींची रांग लागते. गेल्या मंगळवारी रांगेत चौघे होते आणि खिशात गाजर नव्हतं.